पूर्वेस रस्ता

आज पुसदमध्ये माझ्या डोक्यावर जो स्लॅब आहे तो वकीलबाईंमुळे आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढची हकीकत सांगायला लागलो की लोक हसत सुटतात आणि बाईंचं राहून जातं. त्यांचं नाव मात्र लिहीत नाही. ‘नाव लिहिणार असाल तर आधी मसुदा दाखवा,’ म्हणाल्या, आणि त्यांना मसुदा दाखवला की काय होतं ते मी चांगलं ओळखून आहे.

मी सांगलीकडचा. आठवीत शाळा सुटली. हळद पॉलिश करायच्या ढोलाबरोबर मिस्त्री म्हणून इकडं आलो आणि ढोल दुरुस्त करता करता इथंच राहिलो. लोखंडाची भीती नाही, पण कागद समोर आला की घाम फुटतो. लाईटचं बिल आलं तरी आधी बायकोला वाचायला देतो आणि तिच्या तोंडाकडं बघत बसतो.

त्यात घर घ्यायचं ठरलं. घर विकणारे काका म्हणजे एस.टी.तले रिटायर कंडक्टर. दोन खोल्या, पुढं पायऱ्या, बाजूला लिंबाचं झाड, सदा लिंबांनी लगडलेलं. माझं वर्कशॉप दिवस मावळताना बंद होतं, म्हणून आम्ही दरवेळी संध्याकाळीच घर बघायला जायचो. पायरीवर बसून काकांचा चहा प्यायचा, डोळ्यांवर ऊन येतं म्हणून हात आडवा धरायचा, की झालं बघणं. बायकोनं मनातल्या मनात स्वयंपाकघरात डबेसुद्धा मांडून टाकले होते. नव्या गावात भाड्याच्या खोल्या बदलून ती इतकी कंटाळली होती की घर हा शब्द काढला की आधी खिळे कुठं ठोकू देतील ते विचारायची.

काकांनी एकच अट घातली. “मी दिवाळीले पोरीकडे नागपूरले चाललो. तवरोक रजिस्ट्री करा. नाही तर दुसरं गिऱ्हाईक उभंच हाय. डबल बेल!”

वकील शोधायला तहसीलच्या आवारात गेलो. पहिल्या वकिलांनी कागद हातातही घेतले नाहीत. “टेन्शन घेऊ नका भाऊ,” म्हणाले. मी काही बोलायच्या आत पुन्हा म्हणाले, “बिलकूल टेन्शन घेऊ नका.” ढोल न उघडता ‘काही झालं नाही’ म्हणणारे मिस्त्री मी पुष्कळ पाहिलेत. मला तिथंच टेन्शन आलं.

रांगेच्या टोकाला वकीलबाई एकट्या बसल्या होत्या, कुठल्याशा कागदाशी भांडत. “याले काय अर्थ आहे? कोणाची जागा? कोणी दिली?” असं त्या कागदालाच विचारत होत्या. चहावाला मला हळूच म्हणाला, “तिकडे नका जाऊ. बाई लय खोदते.” मी तिकडंच गेलो.

त्यांनी मला वरखाली पाहिलं. “भीती वाटते?”

“वाटते मॅडम.”

“कायची?”

“सगळ्याचीच.”

“मग बसा,” म्हणाल्या. “मलाही वाटते.”

इतकं बरं मला कुठल्या डॉक्टरकडंही वाटलं नव्हतं.

काकांचं जुनं खरेदीखत त्यांनी वाचलं. मग पुन्हा वाचलं. घराच्या चारी बाजूंना काय काय आहे ते कागदात लिहिलेलं असतं, त्याला चतुःसीमा म्हणतात, तिथं त्यांचं बोट थांबलं. “पूर्वेस रस्ता,” त्या म्हणाल्या. “भाऊ, त्या घरात सकाळी ऊन कुठून येते?”

“मॅडम, सकाळी कधी गेलोच नाही.”

“आणि संध्याकाळी?”

“संध्याकाळी पायरीवर बसलं की डोळ्यांवर येतं.”

“पायऱ्या कोणीकडे?”

“रस्त्याकडं.” हे म्हटलं आणि माझं मलाच कळलं. संध्याकाळचं ऊन रस्त्याकडून येत असेल तर रस्ता पश्चिमेला. कागद म्हणतो पूर्वेला. पूर्वेला रस्ता असलेलं घर त्या गल्लीत होतं, पण ते समोरचं, रिटायर गुरुजींचं. म्हणजे कागदावर मी काकांकडून गुरुजींचं घर विकत घेणार होतो.

त्याच संध्याकाळी बाई गल्लीत येऊन उभ्या राहिल्या. काका वैतागले. “मॅडम, प्लॉट नंबर बरोबर हाय ना? मंग दिशेले काय चाटता?”

“नंबर आणि चतुःसीमा यांचं भांडण लागलं तर कोर्ट कोणाचं ऐकेल, मला नाही सांगता येत,” बाई म्हणाल्या. “ज्याला सांगता येते त्याच्याकडे न्या मग.”

गुरुजींनी आपलं खरेदीखत आणलं. त्यात ‘पश्चिमेस रस्ता’ होतं, म्हणजे हुबेहूब काकांचं घर. दोघांच्याही मागच्या बाजूला लेआउट पाडणाऱ्या मालकाची उरलेली जमीन, उत्तर-दक्षिणेला प्लॉटच प्लॉट, त्यामुळे वेगळं ओळखायला काही शिल्लक नव्हतं. मग शेजारचे कागद निघाले. आख्खी गल्ली कागदावर रस्ता ओलांडून पलीकडं राहत होती.

गुरुजींनी जन्मभर भूगोल शिकवलेला. ते रस्ता ओलांडून आले आणि काकांच्या झाडाची चार लिंबं तोडून खिशात घातली.

“गुरुजी, हे काय?” काका ओरडले.

“कागदावर झाड माहं हाय,” गुरुजी म्हणाले. “इतके वर्ष तुमी माह्या घरात राह्यले त्याचा हिशोब मी अजून मागून राह्यलो नाही, हे लक्षात ठेवा.”

“मंग तुमच्या घराची गळकी टाकीही माही! ते दुरुस्त करून द्या पयले!”

लोक हसत होते. मला हसू येत नव्हतं. घरी गेलो तर बायको म्हणाली, “अहो, मग आपण डबे नक्की कुठल्या घरात मांडायचे?” त्या रात्री आम्ही दोघंही नीट जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी काकांचा फोन आला, की ते दुसरं गिऱ्हाईक दिशा विचारत नाही.

वाट एकच होती. ज्या मालकानं आपल्या वावरात प्लॉट पाडून विकले, त्यानं चूक-दुरुस्तीचा लेख सही करून द्यायचा. मालक, म्हणजे बाबाजी, म्हातारे झालेले, नेर गावी मुलीकडं राहत होते. बाईंच्या सोबत मी नेरला गेलो. बाबाजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “चूक? कायची चूक? रस्ता पूर्वेलेच हाय.”

“बाबाजी, पूर्व कशी ठरवली होती?” बाईंनी विचारलं.

“कशी म्हणजे? सकाळी मी ज्या बाजूनं वावरात ये, थे पूर्व. अर्जनवीसानं इचारलं, मी सांगतलं, त्यानं लिवलं.”

म्हणजे त्यांच्या हिशोबात सकाळी दोघंच यायचे, ते आणि सूर्य, आणि दोघंही एकाच बाजूनं. त्यांचं घर होतं वावराच्या पश्चिमेला, म्हणून पूर्वही तिकडंच.

बाईंनी मोबाईलमधलं होकायंत्र दाखवलं. बाबाजींनी मोबाईल हातात घेऊन उलटासुलटा केला. “या डबड्याले माहं वावर काय माईत? कधी गेलतं तिथं?”

शेवटी ठरलं, की बाबाजींनी पुसदला यायचं आणि सूर्य स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा. ते आदल्या दिवशी आले आणि गुरुजींकडं मुक्काम केला. पहाटे सगळी गल्ली रस्त्यावर. कुणी खुर्च्या आणल्या, कुणी चहा. बायको कडेवर पोर घेऊन आलेली. बाई फाईल छातीशी धरून उभ्या. आणि आभाळ भरून आलेलं. उजाडलं, पण सगळीकडून सारखंच.

“पाहा,” बाबाजी म्हणाले, “कोठूनच नाही निंघून राह्यला.”

बाई घड्याळाकडं बघत होत्या, मी बाईंकडं. माझ्या मनात आलं, की आज सूर्य नाही उगवला तर मला घर नाही. आपल्या नशिबात काय काय अडकलेलं असतं! मग ढग जरा फाटले आणि काकांच्या घरामागून, लिंबाच्या शेंड्यावरून, ऊन थेट बाबाजींच्या तोंडावर आलं.

त्यांनी डोळ्यांवर हात धरला. बराच वेळ बघत राहिले.

“आज उलटा निंघाला,” ते म्हणाले.

गुरुजी बोलायला गेले, बाईंनी हातानंच त्यांना थांबवलं. “बाबाजी, मी असं लिहू? बोलण्यात व लिहिण्यात दिशांची अदलाबदल झाली.”

“माह्या बोलण्यात, का त्याच्या लिवण्यात?”

“दोघांच्या मधात.”

बाबाजींनी विचार केला. “मधात झाली असन,” म्हणाले. “मंग लिवा.”

त्यांनी आधी काकांच्या दुरुस्तीवर सही केली, मग गुरुजींच्या, आणि दिवाळीच्या आत माझी रजिस्ट्री झाली. ‘पश्चिमेस रस्ता’ हे दोन शब्द मी स्वतः वाचले, बायकोच्या तोंडाकडं न बघता. गुरुजी अजून लिंबं तोडतात. विचारलं तर म्हणतात, सवय मोडून राह्यली नाही. मी मोडू देतही नाही.

पेढे घेऊन बाईंकडं गेलो तेव्हा कळलं, की त्या अजून भाड्याच्या खोलीत राहतात. मी विचारलं, “मॅडम, तुम्ही का नाही घेतलं घर?”

“कागद वाचते ना रोज,” त्या म्हणाल्या. “हिंमतच होत नाही. माझा कागद मला कोण वाचून देईल?”

त्यांची फी मी दिली, ती वेगळी. हे देणं अजून आहे. बाई, वाचायचं काम माझ्याच्यानं व्हायचं नाही. पण तुम्ही घर बघाल तेव्हा मला सांगा. आदल्या संध्याकाळी मी तिथं पायरीवर जाऊन बसेन, रात्री तिथंच सतरंजी टाकेन आणि सकाळी ऊन कुठून आलं ते तुम्हाला शपथेवर सांगेन. आभाळ असलं तर दुसऱ्या दिवशीही थांबेन.