अप्पाजींची तेरवी अन् अप्पाजींचं लगन

बसा, चहा टाकला आहे. तो उकळेपर्यंत माझी फजिती ऐकून घ्या. हसायचं असेल तर पोट धरून हसा, मला राग नाही. काय सांगू, मागच्या दिवाळीनंतर मी एका म्हाताऱ्याला मारलं, मंग जितं केलं, अन् मंग बोहल्यावर चढवलं! महिन्याभरात! अन् कोणाला पत्ता नाही!

घाबरू नका. म्हातारा कादंबरीतला होता.

मी सौंसरच्या पोस्टात काउंटरवर बसते. अठ्ठावीस वर्षं झाली. तिथं आमचा एकच धर्म, आजची डाक आज. उद्यावर काही ठेवायचं नाही. आता ती सवय पोस्टातच राहिली असती तर ठीक होतं, पण ती घरी आली. आमचे हे म्हणतात, "हिले शिंक यायच्या आधी ही रुमाल धुऊन टाकते."

अशा बाईनं कादंबरी लिहिली. मुलीच्या जुन्या लॅपटॉपवर, एका बोटानं, नऊ वर्षं. एका गावात सुमनबाई नावाची हेडमास्तरीण, अन् तिचे वडील अप्पाजी. नवव्या प्रकरणात अप्पाजी मरतात अन् सुमनबाई एकटी पडते. बस, एवढीच गोष्ट. सुमनबाई म्हणजे मी नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

कादंबरी वाचायला आमचं मंडळ. मोठं नाव आहे, पण माणसं चार. महिन्यातून एका रविवारी पांढुर्ण्याला धोटेकाकांच्या घरी बसतो. काका रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झाले. मोतीबिंदू आहे, भिंग घेऊन वाचतात, पण एक कानामात्रा सोडत नाहीत. दुसरी रंजना, लोधीखेड्याची नर्स, माझी मैत्रीण. इंजेक्शन हळू देते, बोलते मात्र सपकन. अन् तिसरे बंडूभाऊ, सौंसरजवळ त्यांची संत्र्याची बाग. महिन्याला चार वाक्यं बोलतात, पण ती चार वाक्यं घरी जाईपर्यंत डोक्यात फिरतात.

मंडळाचे कायदे काकांनी केलेले. कॉपी एकच, तीच सगळ्यांत फिरणार. बैठकीच्या आधी लेखकाला मत सांगायचं नाही. अन् बैठकीत लेखकानं तोंड उघडायचं नाही, मुकाट ऐकायचं. मी मनाशी ठरवलं होतं, हे तिघं हो म्हणाले तरच कादंबरी नागपूरला छापायला द्यायची. नाहीतर नऊ वर्षं गेली पाण्यात.

बसस्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढली, नारिंगी कव्हर लावलं, स्पायरल मारलं अन् काकांना नेऊन दिली. बारा दिवसांनी फोन.

"मंदाताई, रूल तोडून राहिलो. कोणाले सांगू नका. पण अप्पाजीले काहून मारलं हो? मी दोन दिवस जेवलो नाही बरोबर."

झालं! डाक आली! आता ती उद्यावर कशी ठेवायची? स्वयंपाक ह्यांच्यावर सोडला अन् बसली. दोन दिवसांत अप्पाजी जिवंत! नवव्या प्रकरणातलं मरण पुसलं, तेराव्या दिवसाची तेरवी पुसली, पुढं जिथं जिथं सुमनबाई रडली तिथं तिथं तिचे डोळे कोरडे केले. नवीन प्रिंट, तेच नारिंगी कव्हर. काकांकडून जुनी कॉपी घेतली, पिशवीत घातली, अन् रंजनाला नवी दिली. तिला काय माहीत? तिला वाटलं काकांची वाचून झालेलीच कॉपी आली.

आठ दिवसांनी रंजनाचा फोन.

"ऐक, काकाले सांगू नको मी बोलली म्हणून. तो अप्पाजी नवव्या प्रकरणानंतर नुसता ओसरीत बसून हाये. चहा पेते अन् खोकलते. त्याले काही तं काम दे बाई."

खरंच होतं हो! मेलेल्या माणसाला जितं करून मी ओसरीत बसवून ठेवलं होतं, पुढं त्याचं काय करायचं ते मलाच सुचलं नव्हतं. पण थांबेन तर ती मी कसली? काम द्यायचं ना? घ्या काम! शेजारच्या विधवा गोदामावशीशी बहात्तराव्या वर्षी अप्पाजींचं लगन लावून दिलं. चांगलं वाजतगाजत. पंगतीत बुंदी ठेवली.

झेरॉक्सवाला म्हणाला, "बाई, किती लिहून राहिल्या! हे तिसरं पुस्तक का?"

"हव," म्हटलं. काय सांगणार?

रंजनाची कॉपीही पिशवीत घातली अन् तिसरी बंडूभाऊंना दिली. त्यांनी वाचली अन् फोन केला नाही. तेवढाच एक माणूस कायद्याचा निघाला.

अन् आला रविवार. सौंसरहून बसमध्ये बसली, पण कॉप्यांची आठवण आली असेल तर शपथ! मला एकच चिंता, हे तिघं हो म्हणतात का नाही.

काकांनी पोह्यांच्या प्लेटी दिल्या, भिंग पुसलं अन् सुरुवात केली. "कादंबरी चांगली हाये. पण अप्पाजीचं मरण मले पटलं नाही."

रंजनाचा चमचा थांबला. "कोणाचं मरण?"

"अप्पाजीचं. नववं प्रकरण."

"काका, अप्पाजी कुठं मेला? तो तं शेवटपर्यंत ओसरीत बसून हाये."

"अवो, तेरवी झाली त्याची! मी वाचली! वडे होते!"

बंडूभाऊ हळूच म्हणाले, "वडे नव्हते जी. बुंदी होती."

"तेरवीत बुंदी?"

"तेरवी नव्हती काका. लगन होतं. अप्पाजीचं."

माय वो! तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कायदा होता लेखकानं बोलायचं नाही, अन् आयुष्यात पहिल्यांदा मला तो कायदा गोड वाटला. मी प्लेटीत तोंड खुपसून बसली.

"बंडू, तू वाचली का नाही? खरं सांग."

"दोनदा वाचली काका."

"काका, तुमचा मोतीबिंदू वाढला असंन," रंजना म्हणाली. "मी म्हणतच होती ऑपरेशन करून घ्या."

काकांचा चेहरा उतरला. ओरडले असते तर बरं होतं, पण ते ओरडले नाहीत. भिंग हातात घेतलं, त्याच्याकडे पाहिलं अन् म्हणाले, "असंन. असंनही. जिता माणूस मेलेला दिसून राहिला मले, मंग आता वाचण्यात काय अर्थ हाये? मंडळ बंद करा. तुमचं तुम्ही पाहा."

खोटं नाही सांगत, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बारा दिवस त्या माणसानं भिंगाखाली माझी एकेक ओळ वाचली, माझ्या म्हाताऱ्यासाठी जेवण सोडलं, अन् मी त्याला आंधळा ठरवून पोहे खाऊन राहिली!

रंजना घाबरली. भांडण मिटवायला म्हणाली, "बरं, अप्पाजी राहू द्या. सुमनबाई कशी वाटली?"

"नाही पटली," काका म्हणाले.

"मलेही नाही."

"मले बी नाही," बंडूभाऊ म्हणाले.

बाप्पा! तिघांचं एकमत! काकांच्या अंगात जरा जीव आला. "अशी बाई असते का कुठं? कोणी काही म्हटलं का उठली अन् केलं! विचार नाही, दम नाही. लेखिकेनं अती केलं हो. इतकी उतावळी बाई दुनियेत नसते."

आता माझ्यानं राहवलं नाही. "काका, कायदा तोडून राहिली," म्हटलं, अन् सगळं ओकली. पिशवीतून दोन कॉप्या काढल्या... हो, काकांची अन् रंजनाची, दोन्ही तेव्हापासून पिशवीतच होत्या! बंडूभाऊंकडून तिसरी घेतली अन् तिन्ही नारिंगी कव्हरं पलंगावर ओळीनं ठेवली. एकात अप्पाजी मेलेले, एकात खोकलणारे, एकात मुंडावळ्या बांधलेले.

काकांनी भिंग लावून तिन्ही नववी प्रकरणं पाहिली. मंग काका म्हणाले, "म्हणजे माझा डोळा ठीक हाये."

"ठीक हाये काका."

"तेरवी होती."

"होती. वडेही होते."

रंजनानं माझ्याकडे बघत हात वर केला. "काका, सुमनबाईबद्दल मी जे बोलली ते वापस घेते. अशी बाई असते."

असे हसले तिघं, असे हसले, की शेजारची बाई दारात येऊन पाहून गेली. काका तर भिंगाच्या फडक्यानं डोळे पुसत होते. मंडळ बंद करायची गोष्ट कुठल्या कुठं गेली.

हसणं ओसरल्यावर बंडूभाऊ बोलले. "मंदाताई, संत्र्याले आम्ही ताण देतो. महिना-दीड महिना पाणी बंद. झाड सुकते, पानं गळते, जीव तुटते पाहून. पण ताणाच्या मधातच पाणी दिलं तं नुसता पाला फुटते, फूल येत नाही. तुम्ही फोन आला का पाणी सोडलं. पाला लय झाला आता. कादंबरीले ताण द्या. संक्रांत होऊ द्या, मंग पाहा."

तिन्ही कॉप्या ते घेऊन गेले. घरी लॅपटॉपचा पासवर्ड आमच्या ह्यांनी बदलला.

तिसऱ्या दिवशी मी बंडूभाऊंना फोन लावला. "भाऊ, मले वाटते पानं गळली. पाणी सोडू का?"

"ताई, आज बुधवार हाये," ते म्हणाले, अन् फोन ठेवला.

कसे काढले ते दिवस माझं मला माहीत. कपाटं आवरली, ह्यांचे सगळे शर्ट दोनदा इस्त्री केले. पण काय झालं, तीन आठवड्यांनंतर एक दिवस पोस्टात शिक्के मारता मारता मला अप्पाजी आठवले, अन् ते मेलेलेच आठवले. ना खोकला ऐकू आला, ना बुंदी दिसली. काका जेवले नाहीत ते अप्पाजी मेले म्हणून नाही हो! मरताना मी अप्पाजींना एक शब्द बोलू दिला नव्हता, सुमनबाईला पुढच्या प्रकरणाची घाई होती म्हणून. अन् ओसरीतला खोकला मरणाच्या आधी हवा होता, नंतर नाही. काका अन् रंजना, दोघांचंही खरं होतं, मीच ऐकून घ्यायला थांबली नव्हती. अन् गंमत म्हणजे त्या दिवशी घरी येऊन मी पासवर्ड मागितला नाही.

संक्रांतीनंतर बंडूभाऊंनी बागेत पाणी सोडलं अन् कॉप्या वापस आणून दिल्या. दोन महिने सावकाश बसून लिहिलं. अप्पाजी आता खोकतात, दोन गोष्टी बोलतात अन् मंग जातात. काकांनी पुन्हा भिंग लावून वाचलं, यावेळी फोन केला नाही, बैठकीतच "हव" म्हणाले, अन् बाकीचे दोघंही म्हणाले. मागच्या आठवड्यात कादंबरी नागपूरला गेली.

सुमनबाईला मात्र मी हात लावला नाही. कसा लावणार? तिघांनीही मला लिहून दिलं आहे, खाली सह्या करून, की अशी बाई असते अन् आम्ही स्वतः पाहिली आहे.

घ्या, चहा ओतते. हो हो, माहीत आहे, अजून उकळला नाही.