मी माग बंद करायचे

कुणी फुकट काही करायला लागलं की माझ्या मनात पाल चुकचुकते. हा स्वभाव मी माहेराहून आणलाय, त्याला औषध नाही. त्यामुळे आमच्या गल्लीतली रिटायर झालेली ख्रिस्ती नर्सबाई माझ्या नवऱ्याच्या हाताची पट्टी बदलायला रोज सकाळी येऊ लागली, तेव्हा मी ठरवूनच टाकलं, बाईचा काहीतरी डाव आहे.

नवरा उद्यमबागेतल्या कारखान्यात, लोखंड ओतायच्या फौंड्रीत कामाला होता. तापलेला रस उजव्या हातावर सांडला आणि दोन बोटं गेली. घरी आल्यापासून तो भिंतीकडे तोंड करून पडलेला. एकच विचारायचा, "माझ्याच वाट्याला का आलं ह्ये?" उत्तरं देणाऱ्यांची कमी नव्हती. सासूबाईंनी मागचा जन्म काढला, चुलत सासऱ्यांनी साडेसाती, जावेनं तर माझा पायगुणच काढला. ती उत्तरं ऐकून ऐकून त्यानं जेवण टाकलं. हा माणूस आता हातचा जातो, असं मला वाटायला लागलं.

आमच्या वडगावात विणकराच्या घरी माग चालू असला की शेजारच्या खोलीतलं काही ऐकू येत नाही. म्हणून बाई आत गेली की मी माग बंद करायचे आणि दाराआड कान देऊन उभी राहायचे. साडी तशीच अडून राहायची. हिनं आपल्या देवाचं नाव काढू दे, लगेच घराबाहेर काढते, असा माझा बेत. पण आतून फक्त कात्रीचा आवाज यायचा.

शेवटी एक दिवस नवऱ्यानंच तिला विचारलं, "आक्का, तुमचा देव काय म्हनतोय? माझ्याच हातावर का?"

मी पदर खोचला. आता सापडली!

"मला ठावं न्हाय, अण्णा," ती म्हणाली. "माझं पोरगं तापात गेलं तवा मी बी हेच इचारलं. उत्तर आलं न्हाय. पन ही शिक्षा न्हवं, एवढं मी मानते. आमच्या प्रभूनं बी क्रुसावर 'का' म्हनून इचारलंय. त्यो सोता या दुखन्यात उतरलाय. म्हनून मला एकटं वाटत न्हाय."

ती बाहेर आली, तर मी दारातच. ती माझ्यावर चिडली नाही. उलट माझा हात धरला.

"वहिनी, मी आले की तुमी माग बंद करता. त्यांना जरा शांत वाटावं म्हनून कामाचा खोळंबा करून घेता. माझं पोरगं गेलं तवा माझ्यासाठी कुनी एवढं केलं न्हाय. जो तो कारन सांगत बसायचा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं काय ते सांगायचं सोडून मी खोचलेला पदर तेवढा सोडला.

आतून नवऱ्याची हाक आली, "भाकरी हाय का गं?"

तिच्या देवाबद्दल माझं मन अजून साशंकच आहे. पण दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हाही मी माग बंद केला, आणि बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले.