काठीचे तीन ठोके

बाबा जंगलखात्यातून निवृत्त झाले तेव्हा आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. मी गोंडपिपरीच्या शाळेत शिकवत होते आणि भाड्याच्या दोन खोल्यांत एकटीच राहत होते. त्यांना मी हट्टानं माझ्याकडे आणलं. टेम्पोत एक बाज, एक पेटी आणि मागे अंग चोरून बसलेली त्यांची कुत्री. आई गेल्यानंतर त्यांनी ती पिल्लू असताना आणली होती. तिला नाव ठेवलं नव्हतं, 'पोरी' म्हणूनच हाक मारायचे. मलाही तेच म्हणायचे, त्यामुळे आमच्या घरी हाक एकीला आणि मान वळायची दोघींची.

कुत्री फार शहाणी आहे, घरात कधी घाण करत नाही, हे मी बाबांकडून शंभरदा ऐकलं होतं. त्या शहाणीनं पहिल्याच दिवशी माझ्या तांदळाच्या कोठीमागे लघवी केली. दुसऱ्या दिवशी तिथंच, आणि नुसती लघवीच नाही. मी दार उघडून द्यायची, अंगणात नेऊन उभी करायची, बिस्किटाचं आमिष दाखवायची. ती उंबऱ्याशी परत येऊन बाबांच्या तोंडाकडे बघत बसायची. दिवसभर कळ काढायची, अगदीच असह्य झालं की कोठीमागे जायची आणि नंतर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. वर्गभर पोरांना शिस्त लावल्याचा माझा तोरा तिनं आठवड्याभरात उतरवला. मी चिडचिड करत फिनाईल ओतायची, फरशी घासायची आणि तिला नाही नाही ते बोलायची. बाबा बाजेवर बसून ऐकायचे. ते बोल त्यांना लागत होते, हे मला तेव्हा कळलं नाही.

आमचे घरमालक गाद्या भरायचा धंदा करत. त्यांच्या बायकोला सगळी गल्ली चाची म्हणायची. बाई भली, पण त्यांची नमाजाची खोली आमच्या खोलीला लागूनच होती. दोनदा वास सोसून तिसऱ्यांदा त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, रविवारपर्यंत बघा, नाहीतर कुत्रीची सोय दुसरीकडे करा. त्यांचं चुकत नव्हतं. मी बाबांना म्हटलं, तुमच्या जागी आलेल्या गार्डाकडे तिला परत पाठवू. त्यांनी कुत्रीला बाजेजवळ ओढून घेतलं.

"हे गेली तर मी बी जातो," मग म्हणाले. "मले इथी कोनासाठी राहाचं हाये?"

मी समोरच उभी होते, पोतेरं हातात घेऊन. त्या दिवशी भाजीत मीठ घालायचं राहिलं, आणि दोघांनीही ती तशीच खाल्ली.

रविवारी सकाळी दहाला ओळखीचा टेम्पोवाला तिला न्यायला येणार होता. बाबांनी स्वतःची पेटीही भरून दाराशी ठेवली होती. चाचींनी अंगणात एक जुनी गादी काढली आणि काठीनं झोडपायला सुरुवात केली. धप, धप, धप. पेटीशी पडलेली कुत्री ताडकन उठली, पळत कुंपणाशी गेली आणि बाभळीखाली बसली. चांगला मिनिटभर बसली. चाचींना हसू आवरेना, आणि बाबा डोक्याला हात लावून पायरीवर टेकले.

जंगलातल्या त्यांच्या क्वार्टरमागे लगेच रान सुरू व्हायचं. तिच्या आधीची कुत्री बिबट्यानं परसातून उचलून नेली होती. म्हणून बाबा सकाळ-संध्याकाळ आधी स्वतः बाहेर पडून काठी तीनदा जमिनीवर आपटायचे आणि मगच ही पाऊल बाहेर टाकायची. हात इतका सवयीनं चालायचा की आपण असं काही करतो हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. इथं आल्या दिवशीच त्यांनी काठी माळ्यावर टाकली होती. गुडघा ठणकत होता तरी टाकली, कारण गावात हातात काठी दिसली की लोक म्हातारा म्हणतात. ती बिचारी आठवडाभर हुकमाची वाट बघत होती आणि मी तिला हट्टी म्हणत होते. मला माझीच लाज वाटली. टेम्पोवाल्याला चहा पाजून परत पाठवलं.

काठी खाली आली. पण मी पडले मास्तरीण. बाबा कधी आजारी पडले तर काय, म्हणून काठीची सवय सोडवायला घेतली. तीनाचे दोन ठोके, दोनाचा एक, मग नुसती काठी टेकवायची. इकडे बाबाही काठी घेऊन बाजारापर्यंत जाऊन येऊ लागले. कोणी विचारलं तर कुत्रीसाठी घेतली म्हणायचे. दोन महिन्यांनी एका सकाळी ती कशाचीच वाट न बघता बाभळीकडे निघून गेली. मी आनंदानं बाबांकडे बघितलं. ते अंगणात उभे होते, अंगाचा सगळा भार काठीवर.

"आता हिले काठी लागत नाई," ते म्हणाले आणि काठी माळ्यावर ठेवायला वळले. एक पाय ओढत चालले होते.

"लागते, बाबा," मी म्हटलं. "आज चुकून गेली. उद्या परत कोठीमागं करन. राहू द्या काठी."

बाबांनी माझ्याकडे नीट बघितलं. मी लहानपणापासून त्यांच्याशी खोटं बोलले की त्यांना कळायचंच. त्यांनी काठी तीनदा जमिनीवर आपटली.

"मंग मले इथी राहाच लागन," ते म्हणाले.

मी हो म्हटलं आणि चहा ठेवायला आत गेले. डोळे पुसायलाही.