साक्षीदार ‘अ’

गौतम गेल्याचा फोन त्याच्या बायकोनं, विमलवहिनींनी केला, तेव्हा आधी दुःख झालं नाही. या बाईनं मला का कळवलं असेल, हाच विचार मनात आला... (नावं बदलली आहेत, बाकी सगळं घडलं तसंच.)

येलदरीच्या धरणावर मासेमारी करणारा गौतम आणि जिंतूरला इंग्रजी शिकवणारा मी, कॉलेजपासूनचे मित्र. ठेकेदाराविरुद्ध त्यानं मच्छीमारांना एकत्र केलं, भांडणं झाली, गुन्हे दाखल झाले आणि चार वर्षांपूर्वी त्याला खटला न चालवताच वर्षभरासाठी स्थानबद्ध केलं. त्या आदेशाला मुख्य आधार होता एका गोपनीय जबाबाचा. गौतमनं कोयता दाखवून धमकावलं, असं त्यात लिहिलेलं. साक्षीदाराचं नाव झाकलेलं, नुसतं ‘अ’. उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं गौतमची सुटकेसाठीची बंदी प्रत्यक्षीकरण याचिका फेटाळली. आता अपिलासाठी दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयाची परवानगी मागायची होती आणि त्यासाठी सगळे कागद इंग्रजीत हवे होते. वहिनी पिशवीभर कागद घेऊन माझ्याकडं आल्या. आठ दिवस मी त्या जबाबासकट सगळ्याचं भाषांतर करत बसलो.

अर्ज गेल्यावर मी तुरुंगात भेटायला गेलो. वहिनी आणि त्याचे दोघं भाऊ शेजारीच उभे होते. जाळीमागून गौतम मोठ्यानं म्हणाला, “मास्तर, त्यो ‘अ’ तूच हायस ना?”

मला वाटलं, थट्टा करतोय. तो हसला नाही. “आन् वकिलाला सांगा, अर्ज मागं घ्या. मला न्हाई जायचं पुढं.”

वकील नाव न झाकलेला मूळ जबाब तपासायची मागणी करणार होते; सुटकेची तेवढीच आशा होती. त्यानं ती सोडली आणि पुरं वर्ष आत काढलं. मग मीही संशय घेऊ लागलो... आतल्या आत काही सौदा झाला का? की जबाब खराच होता? गावात मी दिसलो की लोक बोलता बोलता थांबायचे. मी जाणंच बंद केलं.

गेल्या उन्हाळ्यात त्यानंच बोलावलं. लिव्हर गेलेलं, डोळे पिवळे.

“तू न्हाईस, मला पयल्यापासून ठाऊक हाय,” तो म्हणाला. “त्या जबाबात एक शब्द हाय, आमच्या घरातच बोलतात तो. नाव उघडं झालं असतं तर घर फुटलं असतं. कुणावर तरी बोट दाखवणं भाग होतं. तू सोसशील वाटलं.”

“कोण होतं?”

“लय दमदाटी झाली असंल. जाऊ दे.”

मी रागानं उठून आलो. तीच शेवटची भेट. तो शब्द मला आठवत नाही. इंग्रजी करताना माझ्याच हातून तो पुसला गेला.

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या, श्रद्धांजलीच्या दिवशी पाणी देणाऱ्या, जयभीम घालणाऱ्या घरातल्या प्रत्येकाकडं मी ‘हाच का?’ म्हणून बघत होतो. जेवण अर्धं टाकून उठलो.

हा लेख देण्याआधी वहिनींना वाचून दाखवला. शेवटी म्हणाल्या, “छापा. तुमच्यावरचा आळ तरी निघू द्या. पण त्यो शब्द तेवढा लिहू नका, भाऊजी.”

“मला तो ठाऊकच नाही, वहिनी.”

त्यांनी बराच वेळ माझ्याकडं रोखून पाहिलं. त्यांचा विश्वास बसला की नाही, मला अजून कळलेलं नाही.