बरणीतला गहू

आमच्या गावात शेत उरलेलं नाही, पण किल्लीकाकांना पत्ता विचारला की ते शेतांतूनच सांगतात. औषधाचं दुकान विहिरीच्या पट्टीत, बँक खोलगट शेतात, आणि बसथांबा? "हा काय, खळ्यावर." खळ्यावर आता चार मजले उभे आहेत आणि खाली गाड्या लागतात. नवखा माणूस समजल्यासारखी मान हलवतो आणि भलतीकडे चालू लागतो. काका त्याच्या पाठीकडे बघत पुटपुटतात, "गेला बांध ओलांडून."

ते माझ्या आईचे काका, म्हणजे माझे आजोबा लागतात. पण सगळा गाव किल्लीकाका म्हणतो, म्हणून मीही म्हणते. गावाच्या जुन्या धान्यकोठारात छोटंसं संग्रहालय आहे. ते उघडायचं, झाडायचं, तिकीट फाडायचं आणि लोकांना नांगराला हात लावू द्यायचा नाही, हे काकांचं काम. लोक गेल्यावर स्वतः मात्र नांगरावर हात ठेवून उभे राहतात. बावीस वर्षं कमरेला किल्ल्यांचा जुडगा आहे. त्याच्या आवाजावरून काका कोठाराच्या कुठल्या कोपऱ्यात आहेत, हे मी डोळे मिटून सांगू शकते.

दुपारी तिथं बसलं की वेळ जरा सैल होतो. झरोक्यांतून उजेडाचे पट्टे उतरतात, त्यांत धूळ सावकाश फिरत असते, आणि बाहेरच्या गाड्या पाण्याखालून गेल्यासारख्या वाटतात. फळ्यांना अजून भुशाचा वास आहे. एका काचेच्या कपाटात हातभर उंच बरणी, तिच्यात तांबूस गहू, आणि खाली पाटी: 'गावातील शेवटच्या काढणीचा गहू. चाळीस वर्षांपूर्वीचा.'

तो चाळीस वर्षांपूर्वीचा नव्हता, हे मला माहीत होतं. बरणी काकांच्या आईची. बी झोपतं, पण त्याला फार झोपू द्यायचं नसतं, दर साली उठवायचं, असं ती सांगून गेली होती. म्हणून दर थंडीत काका कोठारामागच्या, एक खाट बसेल एवढ्या जागेत तो गहू पेरत. कापून, चोळून, पाखडून नवा गहू बरणीत भरत आणि जुना पाखरांना घालत. संग्रहालयाने वस्तू सांभाळायला सांगितली होती. काका सांभाळत होते. यात कुणाला सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलं नाही आणि, खरं सांगायचं तर, मलाही नाही.

मग एक बियाण्यांचे अभ्यासक आले. कुणाची तरी झोप मोडेल अशा बेताने बोलणारा माणूस. त्यांनी वीस दाणे मागून नेले आणि ओल्या टिपकागदावर ठेवले. आठवड्याने फोन आला. वीसच्या वीस उगवले होते.

संग्रहालयाच्या प्रमुखबाईंचं प्रत्येक वाक्य 'म्हणजे कसं आहे ना'पासून निघतं आणि वाटेत कुठेतरी चहा पिऊन पोचतं. त्या दिवशी ते थेट आढ्याला गेलं. म्हणजे कसं आहे ना, चाळीस वर्षांचा गहू उगवतो, हे अद्भुत आहे. म्हणजे कसं आहे ना, बरणी मेणाने कायमची बंद करून मोठ्या शहरातल्या मोठ्या संग्रहालयात पाठवायची. आणि म्हणजे कसं आहे ना, शुक्रवारी चार पाहुणे येतील, तेव्हा काकांनी मेण वितळवायला शेगडी आणावी.

काका बरं म्हणाले. पण त्या दिवसापासून जुडगा वाजेना. बघितलं, तर तो मुठीत घट्ट धरून चालत होते. बोलावं तर किल्ल्या जाणार, गप्प राहावं तर गहू मेणाखाली मरणार, आणि हा गहू दुसऱ्या कुठल्या बरणीत तर नव्हताच. माझ्या आईने त्यांना विचारलं, जेवत का नाही. पेरणीला महिना राहिलाय, एवढंच ते म्हणाले.

शुक्रवारी पाहुणे आणि अभ्यासक खुर्च्यांवर बसले. शेगडीवर मेण पातळ झालं होतं. बाईंनी बरणी मागितली. काकांनी ती कपाटातून काढली आणि पोटाशी धरली.

"बाई, हा गहू गेल्या हंगामाचा आहे."

बाई हसल्या, मग थांबल्या. "म्हणजे कसं आहे ना, तुम्ही बदललात?"

"बदलला नाही. पेरला. दर साली पेरतो."

"म्हणजे कसं आहे ना, मग मूळचा कुठे आहे?"

"हाच की. त्याची खापरपणतवंडं आहेत ही."

अभ्यासक नाकातल्या नाकात हसले आणि खाली बघू लागले. पाहुण्यांपैकी कुणीतरी खुर्ची सरकवली. बाईंनी पाटी पुन्हा वाचली. मग त्यांनी हात पुढे केला.

"किल्ल्या द्या, काका. आणि बरणी घेऊन जा. ती आता इथली वस्तू नाही."

बाईंचं पहिलंच वाक्य मी असं ऐकलं, ज्याच्या आधी काहीच नव्हतं.

काकांनी जुडगा टेबलावर ठेवला. शेगडी विझवली, कारण ती आमच्या घरची होती आणि परत न्यायची होती. दारात अभ्यासकांनी हळूच मूठभर गहू मागितला. पेरणार असाल तर घ्या, ठेवणार असाल तर नको, असं काका म्हणाले. अभ्यासकांनी रुमाल पसरला.

घरी जाताना शेगडी माझ्याकडे आणि बरणी काकांकडे. काका किल्ल्यांशिवाय इतके बिनआवाजी चालत होते की मी दोनदा मागे वळून बघितलं. विहिरीच्या पट्टीतून जाऊ, ऊन कमी लागेल, असं ते म्हणाले आणि आम्ही औषधाच्या दुकानाच्या सावलीतून गेलो. खळ्यावर एक गाडी मागे सरकत होती. काका बैलजोडी वळायला जागा द्यावी तसे बाजूला झाले. खोलगट शेतात, बँकेच्या भिंतीलगत, वाळलेल्या फुलझाडांचा एक वाफा आहे. तिथे ते थांबले. बरणी कठड्यावर ठेवली, वाकले, चिमूटभर माती बोटांत चुरली आणि तिचा वास घेतला.

बँकेचा राखणदार उठून आला. काका, कुणाला शोधताय, त्याने विचारलं.

"कुणाला नाही. एक खाट बसेल एवढी जागा हवी होती."

राखणदाराने बँकेच्या काचेकडे बघितलं, मग बरणीकडे, मग वाफ्याकडे. आणि नळ कुठे आहे ते दाखवलं.