त्यांना कोण भुलवणार!

मी डबल बेल दिली तरी ते गाडी हलवत नसत. मान वळवून दारापर्यंत स्वतः पाहत आणि विचारत, "पक्कं ना गा?" गोंदिया-केशोरी गाडीवर ते ड्रायव्हर, मी कंडक्टर. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. लग्नात कोणी आग्रहानं जिलेबी वाढली, तर ते माझ्या कानाशी म्हणत, "याचं काही काम दिसते आपल्याकडं."

मग डोळे गेले. समोरून येणारे दिवे फुटल्यासारखे दिसतात म्हणून तपासायला गेले, तर काचबिंदू निघाला. उपचाराला उशीर झाला होता. कोणावर विसंबून कधी रस्ताही ओलांडला नाही अशा माणसाला आता न्हाणीपर्यंत जायला वहिनींचा हात लागायचा.

कुडव्याच्या घरी ते भिंतीकडे तोंड करून पडून राहत. एका बुवानं ताईत बांधला, कोणी पाल्याचा रस सांगितला. येणारा प्रत्येक जण म्हणे, नजर परत येईल. ते ऐकून घेत. एकदा मला म्हणाले, "मले तलावावर नेऊन सोड. हवा खातो."

त्या आवाजात मला काहीतरी खटकलं. "गाडी पंक्चर आहे, दादा."

"खोटं बोलून राहिला तू."

मी वहिनींना बाजूला घेऊन विहिरीवर झाकण टाकायला सांगितलं.

डोळे गेले तरी दुखणं राहिलं होतं. थेंब टाकायला फुलचूरच्या एक रिटायर्ड सिस्टर येऊ लागल्या. ख्रिस्ती बाई. चहासुद्धा घेत नसत. त्यामुळे दादांचा संशय बळावला, आणि खरं सांगायचं तर माझाही.

"कायले येता रोज? काय पाहिजे तुमाले?"

"डोळा उघडा. थेंब गालावर जातोय."

"तुमचा येशू मले डोळे देईन का?"

"ते मला माहीत नाही," सिस्टर म्हणाल्या. "मी मागते तुमच्यासाठी. पण देईलच, असं खोटं कसं सांगू?"

त्या गेल्यावर ते उठून बसले. वहिनींना म्हणाले, "हे बाई खोटं नाही बोलत." आणि जेवायला मागितलं.

त्यानंतर थेंब टाकून झाले की सिस्टर येशूची गोष्ट सांगत आणि दादा उलटतपासणी घेत. कोनं पाहिलं? तवा तिथं कोन होतं? सिस्टर कधी उत्तर देत, कधी सरळ म्हणत, ठाऊक नाही. पुढे ते रविवारी फुलचूरला प्रार्थनेला जाऊ लागले. हे कळताच केशोरीहून मेव्हणा तणतणत आला.

"कोनं भुलवलं तुमाले?"

"मले भुलवणारा पैदा व्हायचा आहे अजून."

"मंग काऊन जाता तिथं?"

"मरताना येशू देवालेच इचारते, मले काऊन सोडलं? अन् त्याच्याच लोकायनं हे सांगून ठेवलं. बनावट असती तं लपवलं असतं ना? मी बी इथं पडून हेच इचारत होतो. एकटा. आता त्याच्यासंगं इचारतो."

मेव्हणा पाणीही न पिता गेला. पुढे दिवाळीलाही आला नाही. वहिनींनी आपली देवपूजा सोडली नाही, पण रविवारचा शर्ट त्याच इस्त्री करून ठेवत.

एका रविवारी मीच त्यांना घेऊन गेलो आणि काही कावा दिसतो का, हे पाहायला दाराशी बसून राहिलो. गाणी, प्रार्थना, चहा. काही सापडलं नाही. दादा मात्र सगळ्यांच्या एक ओळ मागून, बेसूर, खुशाल गात होते.

नजर परत आली नाही. मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलीनं दोघांना बिलासपूरला आपल्याकडे नेलं. स्टेशनवर माझा दंड धरून ते म्हणाले, "तुह्यासाठी मागतो मी रोज."

"काय मागता?"

"तुले कायले पाहिजे?" म्हणून हसले. नेमकं काय मागत असतील, ही शंका मला अजून आहे.

गाडी हलली. मी हाक मारली, पण गोंगाटात त्यांना दिशा कळली नसावी. खिडकीतून हात काढून ते भज्यांच्या गाड्यापाशी उभ्या असलेल्या कोणा अनोळखी बाईकडे हलवत राहिले. तिनं गोंधळून मागं पाहिलं. मग एका हातानं डोक्यावरचं गाठोडं सावरत दुसरा हात वर केला, आणि डबा दिसेनासा होईपर्यंत तसाच ठेवला.