पोर्चमधलं मशीन

"तू हात लावलास की बंद पडतं बघ हे."

मॅडम दारात उभ्या राहून म्हणाल्या. त्या दाराच्या आत. मी बाहेर, पोर्चमध्ये, प्लास्टिकच्या स्टुलावर. समोर टेबलावर सरांचा कॉम्प्युटर, बाजूला चपलांचं कपाट. स्क्रीनवर एक हिरवी रेघ पुढं सरकायला हवी होती, ती जागची हलत नव्हती. रविवारची सकाळ. शेजारच्या बंगल्यातले गृहस्थ गाडी धूत होते. त्यांनी ऐकलं आणि हसले. सरही हसले.

मीसुद्धा हसले. त्या सगळ्यांचं हसणं मी एव्हाना विसरले असते. माझं स्वतःचं विसरता येत नाही.

मी पीएच.डी. करते. सर माझे मार्गदर्शक. आमच्या विभागात रीतच आहे, मार्गदर्शकाच्या घरची कामं विद्यार्थ्यांनी करायची. कुणी सरांची गाडी सर्व्हिसिंगला नेतं, कुणी त्यांच्या नावानं पेपर तपासतं, कुणी पाहुण्यांना वेरूळ दाखवून आणतं. कुणी कुणाला सक्ती करत नाही. सही सरांची लागते, एवढं सगळ्यांना माहीत असतं. माझ्या वाट्याला कॉम्प्युटर आला, कारण हॉस्टेलच्या मुली बिघडलेलं मशीन घेऊन माझ्याच खोलीत यायच्या. ही गोष्ट सरांच्या कानावर गेली. मग दर रविवारी उस्मानपुरा, सरांचा बंगला.

सरांना जुन्या मैफिलींची ध्वनिमुद्रणं हवी होती. हौशी लोकांनी जमवलेली, एकमेकांना फुकट दिलेली. ती टोरेंटवर मिळतात. टोरेंट म्हणजे फाइल एका ठिकाणाहून येत नाही. ज्यांच्या ज्यांच्याकडं ती आहे, त्या सगळ्यांच्या मशीनवरून तिचे तुकडे येतात. एखादा पुण्याहून, एखादा पार परदेशातून. आणि आपल्याकडं आलेले तुकडे आपणही पुढच्याला देत राहायचे.

सरांना हे शेवटचं पटलं नाही.

"द्यायचं कशाला? नेट आपलं, वीज आपली. ते देणं बंद कर."

मी सांगितलं, सर, आपण दिलं नाही तर आपल्यालाही हळू मिळतं.

"सांगितलंय तेवढं कर."

मी केलं.

त्यांच्याकडं आधीचं जे सॉफ्टवेअर होतं ते जाहिरातींनी भरलेलं. एक बटण दाबलं की तीन खिडक्या उघडायच्या, रमी खेळा, वजन कमी करा. शिवाय त्यानं ब्राउझरमध्ये नको ते आणून ठेवलं होतं. मी ते मुळापासून काढलं. दुसरं टाकलं, हलकंफुलकं. नाही चाललं. मग तिसरं टाकलं, बिनजाहिरातीचं, खुलं, जगभरातले लोक मिळून बनवतात तसलं. तेही नाही. 'जोडलेले: शून्य.' देणारे भरपूर दिसायचे, पण जोडलं कुणीच जायचं नाही. मी फायरवॉल बघितली, अँटीव्हायरस बघितला, मशीनचं घड्याळसुद्धा बघितलं. ज्या फाइलला शेकड्यांनी देणारे आहेत अशी फाइल लावून बघितली. तरी शून्य. बाकी इंटरनेट रडतखडत चालायचं, पेपर उघडायचा, मेल उघडायची. त्यामुळं सर म्हणायचे, "नेट तर चालू आहे की. तुझंच काहीतरी चुकतंय."

मी हॉस्टेलवर परत जाईपर्यंत सरांचा मेसेज आलेला असायचा. 'तू गेलीस आणि सुरू झालं.' सोबत स्क्रीनचा फोटो. रेघ अर्ध्याच्या पुढं. जोडलेले खूप.

एकदा झालं, मी म्हटलं योगायोग. मग दर रविवारी तेच व्हायला लागलं. मी बसले की बंद, मी उठून गेले की सुरू. मॅडमना चेष्टेला विषय मिळाला. पाहुण्यांनाही सांगायच्या, "आमच्या ह्यांची विद्यार्थिनी आहे ना, तिचा हात लागला की मशीन मुकं होतं."

मी मैत्रिणीच्या लॅपटॉपवर तेच सॉफ्टवेअर टाकलं, तीच फाइल लावली. धो धो आली. हात तोच होता. तरी पुढच्या रविवारी मी काय करावं? मी माऊस सोडला, हात मांडीवर घेतले आणि म्हटलं, "सर, तुम्हीच क्लिक करा."

एम.ए.ला पहिली आलेली मी. जातीच्या उगमावर परिसंवादात निबंध वाचलेली मी. आपल्या हातातच काहीतरी असेल, असं मला वाटलं. ते कुणी मला शिकवलं नव्हतं. ते आत होतंच, कुठंतरी. कुणी जरासं खरवडलं की वर यायला तयार. या गोष्टीचा मला अजून राग येतो. सरांवरच्या रागापेक्षा जास्त.

आता माझा विषय सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. जायकवाडीच्या पाण्यात जी गावं गेली, त्यातलं एक आमचं. पैठणच्या बाजूला. ते उठवलं आणि उघड्या माळावर नव्यानं वसवलं. कोरी जमीन. एक घर नाही, एक झाड नाही. फिती लावून, खुंट्या ठोकून प्लॉट पाडले. आणि कोऱ्या जमिनीवरही आमचा महारवाडा गेला तो नाल्याच्या पलीकडंच. जुन्या गावात होता तसाच. आईला सगळं आठवतं. लहान होती, माझ्या आज्याच्या, म्हणजे तिच्या बापाच्या मागं मागं फिरत होती. त्यानं प्लॉट पाडणाऱ्या साहेबांना विचारलं होतं, आम्हाला अलीकडं का नाही. उत्तर मिळालं, तुम्हाला तिकडं मोकळं पडेल.

यावर मी प्रबंधाचं एक प्रकरण लिहिलं. ते सरांकडं पडून होतं. त्यांनी वाचून सही केली तर मी पुढं जाणार होते, नाही तर जिथल्या तिथं. दर रविवारी मी विचारायची, सर, प्रकरण बघितलं का. ते म्हणायचे, "हे मशीनचं एकदा मार्गी लागू दे, मग निवांत बसू."

एका शनिवारी मी गावी गेले होते. आई ज्वारी निवडत बसली होती. तिनं विचारलं, "सरांच्या घरी नीट वागिवतेत का तुला?"

मी मोठ्या कौतुकानं सांगितलं. खूप चांगली माणसं आहेत. मी गेले की पोर्चमध्ये टेबल मांडून देतात, टेबलफॅन लावतात, चहा देतात. कागदी कपात देतात, म्हणजे विसळायची कटकट नको.

आईचा हात ज्वारीत थांबला. मग परत चालू लागला. मला वाटलं, थकली असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी मिळाली. हॉस्टेलवर न जाता मी स्टँडवरून थेट उस्मानपुऱ्यात गेले. ठरल्यापेक्षा बरीच लवकर पोचले. गेट उघडं होतं.

सर मॉनिटर छातीशी धरून दारातून बाहेर येत होते. मागं ड्रायव्हर, त्याच्या हातात सीपीयूचा डबा आणि कीबोर्ड. पोर्चमध्ये टेबल मोकळंच होतं. आतून मॅडमचा आवाज आला.

"ती यायच्या आत आवरा. पिवळी वायर नीट काढलीत ना? मागच्या वेळी ओढली गेली."

सरांनी मला बघितलं. मॉनिटर घेऊन तसेच थांबले. "आलीस? लवकर आलीस आज."

मी इतके महिने समजत होते की मशीनची जागाच पोर्चमध्ये आहे. सरांना हवेशीर बसायला आवडत असेल. खिडकीतून आत गेलेली विजेची वायर मी दर रविवारी बघत होते. विचारावंसं कधी वाटलं नाही.

दार सताड उघडं होतं. पहिल्यांदा आतलं दिसलं. एक मोठं लाकडी टेबल, त्यावर राउटर, दिवे लुकलुकणारे. त्यातून निघालेली पिवळी वायर, तिचं टोक टेबलाखाली लोंबणारं. आणि टेबलाला लागून देव्हारा, समई पेटलेली.

खरं सांगते, मला आधी मशीनचं कळलं. आधी तेच. आत असताना मशीन वायरवर चालत होतं. इंटरनेटवाल्यानं राउटरमध्ये टोरेंटसारख्या देवाणघेवाणीची वाट एकाच पत्त्याला मोकळी ठेवली होती, त्या वायरवर मशीनला मिळणाऱ्या; बाकी पत्त्यांना बंद. मशीन पोर्चमध्ये आणलं की ते वायफायवर जायचं. दोन भिंतींपलीकडचं वायफाय, वर मशीनचा पत्ता बदललेला. मग वाट बंद. मी गेले की मशीन आत, वायर लागली, वाट उघडी, रेघ सुरू. सॉफ्टवेअरचा दोष नव्हताच. कारण सापडल्याचा मला आनंद झाला. अगदी क्षणभर, पण झाला.

मग दुसरं कळलं. मशीन बाहेर का आणतात ते.

 

तरी मी विचारलं. कदाचित मला खात्री करायची होती. कदाचित चुकीचं ठरायचं होतं.

"सर, कारण सापडलं. मशीन होतं तिथंच ठेवा. मी आत येऊन दोन मिनिटांत करून देते."

उत्तर मॅडमनी दिलं.

"आत नको. आत देव आहेत."

आवाज चढलेला नव्हता. भाजी नको म्हणावं तसं म्हणाल्या. ड्रायव्हर खाली बघत डबा टेबलावर ठेवून गेला.

सर मॉनिटर ठेवता ठेवता म्हणाले, "अगं, गैरसमज करून घेऊ नकोस. आम्ही असलं काही मानत नाही. हिचं सोवळं जरा कडक आहे, इतकंच. आणि इथं तुला मोकळं पडतं."

मोकळं पडतं. तोच शब्द. सरांच्या कपाटात पडलेल्या माझ्या प्रकरणात, आज्याला मिळालेल्या उत्तरात तो होता. सरांनी प्रकरण वाचलेलं नव्हतं. वाचलं असतं तर निदान शब्द तरी बदलला असता.

"मी हे मशीन पोर्चमध्ये बघणार नाही, सर."

"म्हणजे?"

"आणि आता आतही बघणार नाही."

ते खुर्चीत बसले. चष्मा काढून पुसला. वर्गात अवघड मुद्द्याआधी पुसतात तसाच. "तुझं प्रकरण माझ्याकडं आहे ना? मग जरा विचार करून बोल."

"विचार करूनच बोलतेय."

मी गेटबाहेर आले. रिक्षावाल्या चाचांनी विचारलं, "कां जाना, बाजी?" मला सांगता येईना. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "बैठो तो सई." मी बसले. क्रांती चौक येईपर्यंत माझं रडणं थांबलं नाही.

पुढं फार काही चांगलं झालं, असं समजू नका. प्रकरण आठवड्यात परत आलं. इतके महिने न वाचलेलं, आता वाचलं गेलं होतं. नाल्याच्या पलीकडच्या वस्तीचा चार ओळींचा परिच्छेद लाल शाईनं खोडलेला. बाजूला लिहिलं होतं, 'अतिरंजित. भावनिक. काढावे.'

मी मार्गदर्शक बदलून मिळावा म्हणून अर्ज केला. विभागप्रमुखांनी वाचला, दार लावून घेतलं.

"कॉम्प्युटर बाहेर ठेवला, हे काय कारण झालं? वैयक्तिक अडचण लिही. मी पुढं पाठवतो."

मी म्हटलं, अडचण माझी नाही, त्यांची आहे. मी जे लिहिलंय तेच राहू द्या. अर्ज त्यांच्या टेबलावरून अजून हललेला नाही. विभागात माझ्याशी बोलणारे कमी झाले. जे बोलतात ते जिन्यात बोलतात. सरांच्या मशीनला आता दुसरा विद्यार्थी आहे. त्याला आत बसवतात. परवा त्यानंच निरोप आणला, मान खाली घालून. खोडलेल्या चार ओळी काढून टाक, झालं गेलं विसरून सही मिळेल.

तो निरोप घेऊन मी आईकडं गेले. सगळं सांगितलं. पोर्च, पिवळी वायर, देव्हारा. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मला ठाव व्हतं."

"काय?"

"तू पोर्च म्हनलीस तवाच कळलं. कागदाचा कप म्हनलीस, मंग तर लईच. पर तू एवढ्या खुशीत सांगत व्हतीस. मोडवंना मला."

मी रागावले तिच्यावर. बोलायचं नाहीस का, म्हटलं. ती म्हणाली, "शिकल्यावर तुमच्या वाट्याला येत नसंल, असं वाटलं व्हतं मला. म्हनून गप बसले."

मग तिनं जे सांगायचं तेच सांगितलं. "आधी कागुद पदरात घे बाई. मंग भांड."

आज्यानं तेच केलं होतं. आधी प्लॉट पदरात घेतला, नाल्याच्या पलीकडचा. भांडू म्हणाला, नंतर. तो त्याच प्लॉटवर वारला. आई अजून तिथंच राहते. आईचं आजवर मी कधी मोडलं नाही. या वेळी मोडणार आहे.

त्या चार ओळी मी परत टाइप केल्या आहेत. जशाच्या तशा. त्यांच्या खाली पोर्चमधला प्रसंगही लिहिला आहे. तारीख, वार, मॅडमचं वाक्य, सरांचं वाक्य, मोकळं पडतं या शब्दासकट. सही मिळो, न मिळो. पीएच.डी. होवो, न होवो. त्यातला एक शब्दही मी काढणार नाही.